कळ दाबली, अक्षर उमटले नाही



आजच्या विषयाचे नाव वाचून काही मित्रांनी आम्हांला वाटेतच हटकले. “पगारवाढ, बोनस, कंत्राटी कामगार हे सारे सोडून तुम्ही कीबोर्ड आणि माऊस काय घेऊन बसलात?” असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे, आणि त्याला उत्तर देऊनच पुढे जाणे बरे. गिरणीत विणकराचा धोटा अडला की त्याची मजुरी अडत असे. आज ज्या माणसांत आम्ही संघटनेचे काम करतो, त्यांपैकी पुष्कळांच्या हाती धोटा नाही की हातोडा नाही. दिवसाचे आठ-दहा तास ती माणसे कळा दाबतात. पानावर मजुरी घेणाऱ्या टंकलेखिकेची एक कळ बंद पडली की तिची मजुरी त्या क्षणी थांबते. तेवढ्यावर भागत नाही. कळ कोणी बिघडविली, हा प्रश्न लगेच पुढे येतो, आणि त्याचे उत्तर बहुधा चौकशीच्या अगोदरच ठरून गेलेले असते. तेव्हा हा विषय जितका यंत्राचा, तितकाच न्यायाचाही आहे.

बुधवार पेठेला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने, आणि तेथून चालत गेले की तपकीर गल्लीत तारा, दिवे आणि विजेच्या नाना वस्तूंची दुकाने. अक्षर आणि वीज ही दोन्ही या पेठेत शेजारी नांदतात. आजचा कीबोर्ड म्हणजे या दोहोंचाच संसार होय.

आम्ही काही अभियंते नव्हे. जे शिकलो ते वाचून, विचारून आणि यंत्रापुढे बसून शिकलो. म्हणून आज जे सांगणार आहोत ते कोणाही ऐकणाऱ्याला घरी जाऊन करून पाहता येईल, इतकेच आहे.

प्रथम यंत्राच्या व्यवस्थेविषयी दोन शब्द. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या कार्यप्रणालीला आरंभ केला. पुढे १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याच वळणाचा एक गाभा लिहिला आणि तो सर्वांना मोकळा केला. त्यावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला आपण लिनक्स म्हणतो. दुकानदार ती घेतात ती बहुधा परवान्याचे पैसे वाचतात म्हणून. आम्हांला ती मोलाची वाटते ती दुसऱ्या कारणासाठी. तिच्या पोटातला व्यवहार उघडा असतो. कोणती वस्तू केव्हा जोडली गेली, केव्हा तुटली, कोणती कळ कोणत्या आकड्याने आली, याची नोंद ती ठेवते किंवा विचारल्यास दाखविते. ज्या कारखान्याचे दप्तर पाहावयास मिळते, तेथे तंटा सोडविणे सोपे जाते. येथेही तसेच आहे.

आता एक कळ दाबल्यावर काय घडते ते पाहू. तारेतून ‘क’ हे अक्षर जाते अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. कीबोर्डाला मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. त्याच्या पोटात आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी तार जोडली जाते, आणि आतली चिमुकली चकती ती जागा ओळखून एक आकडा पाठविते. इंग्रजी ‘के’ लिहिलेली कळ असेल तर यूएसबीच्या तारेतून जाणारा हा आकडा १४. लिनक्सचा गाभा तो घेतो आणि आपल्या यादीप्रमाणे त्याचा ३७ करतो. तेथून तो पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडे जातो. तेथे ३७ मध्ये ८ मिळवून ४५ होतात. हे आठ कोठून आले? एक्स नावाची जुनी व्यवस्था १९८४ साली एमआयटी या अमेरिकन संस्थेत जन्मली. तिने आठच्या खालचे आकडे वापरावयाचे नाहीत असे ठरविले. २००८ साली आरंभ झालेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेनेही ती चाल मोडली नाही. मग कळांचा नकाशा पाहिला जातो. इंग्रजी नकाशा चालू असेल तर ४५ म्हणजे ‘के’. मराठीचा इन्स्क्रिप्ट नकाशा चालू असेल तर ४५ म्हणजे ‘क’, आणि युनिकोडच्या जागतिक यादीतला त्याचा क्रमांक २३२५. शेवटी फॉन्ट त्या क्रमांकाचे चित्र पडद्यावर काढतो.

१४, ३७, ४५, २३२५. कचेरीत अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की प्रत्येक ठिकाणी त्यावर नवा आवक क्रमांक पडतो, तसाच हा प्रकार आहे. अर्ज गहाळ झाला तर जाणता माणूस साऱ्या कचेरीवर ओरडत सुटत नाही. कोणत्या टेबलापर्यंत त्याची नोंद आहे आणि कोणत्या टेबलावर नाही, एवढे तो पाहतो. त्या दोन टेबलांच्या मध्ये अर्ज अडलेला असतो. आजच्या आमच्या साऱ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. कळ चालेनाशी झाली तर दोष कोठे नाही हे आधी ठरवावे. दोषाचे घर आपोआप लहान होत जाते.

पहिला प्रश्न असा : कळा एकाच कार्यक्रमात चालत नाहीत की सगळीकडे? लिहिण्याच्या कार्यक्रमात उमटत नाही पण दुसऱ्या खिडकीत उमटते, तर कीबोर्ड, तार आणि गाभा तिन्ही निर्दोष सुटले. तो एक कार्यक्रम बंद करून पुन्हा उघडावा. दुसरा प्रश्न : कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागतो का? यूएसबीच्या कीबोर्डवर हा दिवा कीबोर्ड स्वतः लावीत नाही. संगणकाकडून हुकूम आल्यावर तो लागतो. दिवा लागला आणि विझला, तर निरोप जातो आहे आणि उत्तरही येते आहे. मात्र दिवा नसलेले कीबोर्डही असतात. तेथे हा पुरावा मिळावयाचा नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबाव्या. लहान संगणकावर कधी त्यांच्या जोडीला एफ-एन ही कळही दाबावी लागते. पडद्यावरच्या खिडक्या नाहीशा होऊन काळ्या पाटीवर नाव विचारले जाते. घाबरू नये, काम गेलेले नाही, ते मागे तसेच आहे. येथे आपले नाव टाइप होते का ते पाहावे. झाले, तर खालची सारी टेबले स्वच्छ आहेत आणि बिघाड वरच्या मजल्यावर, म्हणजे खिडक्यांच्या व्यवस्थेत किंवा नकाशात आहे. तीन कळांना काहीच दाद मिळाली नाही, तर बिघाड बहुधा खालच्या मजल्यावर आहे. परत यावयास कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-१ किंवा एफ-२. कोणत्या संगणकावर कोणती, ते एकदा पाहून कागदावर लिहून ठेवावे.

चौथा प्रश्न संगणक सुरू होतानाचा. लिनक्स जागा होण्यापूर्वी संगणक आपली मूळ मांडणी दाखवितो, त्या पडद्यावर बाणाच्या कळा चालतात का? तेथेही चालत नसतील तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे चालतात आणि नंतर बंद पडतात, शिवाय कालच व्यवस्थेची नवी आवृत्ती बसविली असेल, तर सुरुवातीच्या यादीतून अगोदरचा गाभा निवडून पाहावा. जुन्यावर चालले तर बिघाड नव्यात आहे हे सिद्ध झाले.

खालच्या मजल्यावरची चौकशी साधी आहे. कीबोर्ड दुसऱ्या भोकात लावा. मग दुसरा कीबोर्ड त्याच भोकात लावा. या दोन कृती वेगवेगळ्या कराव्यात. भोक आणि कीबोर्ड दोन्ही एकदम बदलले आणि काम सुरू झाले, तर अपराधी कोण हे कळावयाचे नाही, आणि आठवड्याने तोच तंटा पुन्हा उभा राहील. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही बजावतो : एका वेळी एकच गोष्ट बदला, काय बदलले ते वहीत लिहा, आणि फरक पडला नाही तर ती पूर्ववत करा. याकरिता एक तारेचा, साधा, स्वस्त कीबोर्ड दुकानात राखून ठेवावा. आम्ही त्याला साक्षीचा कीबोर्ड म्हणतो.

आता दप्तर कसे पाहावे ते सांगतो. टर्मिनल नावाची खिडकी उघडून एल-एस-यू-एस-बी ही रोमन अक्षरे टाइप केली की जोडलेल्या सर्व वस्तूंची यादी येते. यादीत कीबोर्डाचे नावच नसेल तर तार, भोक किंवा कीबोर्ड यांपैकी एक अपराधी आहे. डी-एम-ई-एस-जी ही पाच अक्षरे टाइप केली की गाभ्याची रोजनिशी उघडते. काही संगणकांवर तिला व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. वस्तू जोडली की तीत ओळ पडते, तुटली की ओळ पडते, आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ असते.

या रोजनिशीचे मोल आम्हांला एका प्रकरणात कळले. शहरातल्या एका कंपोझिंगच्या दुकानात एक बाई मराठीचे काम करीत. त्यांचा कीबोर्ड मधूनच मुका होई आणि मिनिटाभराने पुन्हा बोलू लागे. “बाई, तुम्ही कळा फार बडवता,” असे म्हणून मालकाने नवा कीबोर्ड आणला आणि किंमत त्यांच्या मजुरीतून कापली. नवाही तसाच वागू लागला. दुसरी कपात झाली. तेव्हा त्या संघटनेकडे आल्या. आम्ही मालकांना म्हटले, “साहेब, तिसरा आणण्यापूर्वी अर्धा तास द्या.” रोजनिशी उघडली. दर काही मिनिटांनी ‘तुटले’ आणि लगेच ‘जोडले’ अशा ओळींची रांग लागली होती. बाई जेवावयास गेल्या होत्या, कळांना कोणाचा हातही लागला नव्हता, त्या वेळच्याही ओळी तीत होत्या. कीबोर्ड संगणकाच्या पुढच्या बाजूच्या, खिळखिळ्या झालेल्या भोकात लावलेला होता. तो मागच्या भोकात लावला आणि ओळी थांबल्या. दोन्ही कपातींचे पैसे परत मिळाले. येथे मालक दुष्ट होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याला पुरावा पाहण्याची रीत ठाऊक नव्हती, आणि रीत ठाऊक नसली की संशय सर्वांत दुबळ्या माणसावर जातो.

वरच्या मजल्यावरचे बिघाड तर पुष्कळदा बिघाडच नसतात. एक उदाहरण घ्या. ज्यांचे हात थरथरतात, किंवा ज्यांना दोन कळा एकदम दाबणे जमत नाही, त्यांच्यासाठी या व्यवस्थेत चांगल्या सोयी ठेवलेल्या आहेत. कित्येक संगणकांवर शिफ्टची कळ आठ सेकंद दाबून धरली की ‘सावकाश कळा’ ही सोय चालू होते. मग कळ क्षणभर दाबून धरल्याखेरीज अक्षर उमटत नाही. शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबली की ‘चिकट कळा’ चालू होतात, आणि एकदा दाबलेली शिफ्ट पुढच्या कळेपर्यंत दाबलेलीच मानली जाते. आता हस्तलिखितातला एखादा शब्द लागत नाही म्हणून टंकलेखक शिफ्टवर बोट ठेवून विचार करीत बसला, तर आठ सेकंद सहज जातात. पुढे भराभर टाइप करू लागतो तो काय, कीबोर्ड मेलेला! अशा वेळी एक कळ दोन सेकंद दाबून पाहावी. अक्षर उमटले तर कीबोर्ड जिवंत आहे. सेटिंग्जमध्ये सुलभतेच्या सोयींचे पान उघडून ही सोय बंद करावी.

दुसरे उदाहरण खास आपल्या भाषेचे. आचारी आणि आचार्य हे शब्द घ्या. ‘आचाऱ्यास बोलवा’ म्हणजे स्वयंपाक्याला, आणि ‘आचार्यास बोलवा’ म्हणजे गुरूला. पहिल्यातला आडवा रफार दुसऱ्यातल्या रफाराहून वेगळा. इन्स्क्रिप्ट नकाशात ‘जे’च्या कळेवर ‘र’ आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ‘ऱ’ येतो. त्याला हलन्त जोडून ‘य’ टाइप केला की ‘ऱ्य’ होतो. उच्चाराप्रमाणे चालणारा नकाशा असेल तर तोच ‘ऱ’ निराळ्या ठिकाणी सापडतो. एका दुकानात एक नकाशा, दुसऱ्यात दुसरा, आणि कामगार तोच. लग्नपत्रिकेत आचाऱ्याचा आचार्य झाला की शिव्या टंकलेखकाला. कळ बिघडलेली नाही, बोटेही चुकलेली नाहीत, नकाशा बदललेला आहे. म्हणून कामाला बसताच कोपऱ्यातले भाषेचे चिन्ह पाहावे. पुष्कळ संगणकांवर विंडोज-चिन्हाची कळ आणि स्पेस मिळून दाबले की नकाशा बदलतो, आणि हे नकळतही घडते. संकेतशब्द बरोबर असूनही संगणक आत घेत नाही, या तक्रारीच्या मुळाशीही पुष्कळदा मराठी नकाशा किंवा चालू राहिलेला कॅप्स लॉक असतो. संकेतशब्दाच्या जागी फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही.

माऊसविषयी थोडक्यात सांगतो. त्याच्या पोटात दिवा आणि डोळा असतो, तो खालच्या पृष्ठभागाची चित्रे घेत चालतो. काचेच्या टेबलावर त्या डोळ्याला बहुधा काही दिसत नाही. खाली एक कागद ठेवून पाहावे. बिनतारी माऊस अडखळू लागला तर प्रथम विजेरी बदलावी, मग त्याचा चिमुकला ग्राहक कोठे खोचला आहे ते पाहावे. यूएसबी-३ च्या भोकात लावलेल्या डिस्कमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विजेचा गोंगाट होतो, आणि बिनतारी माऊस बहुधा त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेल कंपनीने २०१२ साली हे लिहून प्रसिद्ध केले. ग्राहक हातभर तारेने डिस्कपासून दूर नेला की पुष्कळदा काम भागते. थोडा वेळ हात काढला की माऊस झोपतो आणि पहिल्या हालचालीला दाद देत नाही, असे होत असेल तर वीज वाचविण्याच्या व्यवस्थेने त्या भोकाची वीज आखडती घेतली आहे का ते पाहावे. आणि लहान संगणकाची स्पर्शपट्टी टाइप करताना चालत नाही ही तर मुद्दाम केलेली सोय आहे, तळहात लागून खूण भलतीकडे उडू नये म्हणून. एका टिचकीच्या दोन टिचक्या होत असतील तर आतले बटण झिजले असावे. लिबइनपुट नावाच्या साधनाला घटना दाखविण्यास सांगितले तर बोट एकदा दाबले असता तो दोन नोंदी दाखवील. काही संगणकांवर हे साधन वेगळे बसवावे लागते.

त्याच साधनाची एक गोष्ट आम्हांला फार आवडली. ते कळांच्या घटना दाखविते, पण कोणती कळ दाबली हे आपण होऊन सांगत नाही, त्या जागी तारकाचिन्हे छापते. खास सांगितले तरच नाव दाखविते. शिवाय ते चालवावयास व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. कारण उघड आहे. कळा वाचणारा माणूस दुसऱ्याचा संकेतशब्द आणि खासगी पत्रही वाचू शकतो. जुन्या एक्स व्यवस्थेत एका खिडकीतला कार्यक्रम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा ऐकू शकत असे. वेलँडने ती वाट बंद केली. दुरुस्तीच्या नावाखाली कळा टिपणारा कार्यक्रम कामगाराच्या संगणकावर कायमचा बसविला जात असेल, तर संघटनेने त्याबद्दल विचारणा केलीच पाहिजे. बिघाड शोधणे वेगळे आणि पाळत ठेवणे वेगळे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने एक तत्त्व घातले : कामगाराच्या ताब्यात दिलेल्या वस्तूचे नुकसान त्याच्याच हयगयीने झाले असेल तर कपात करता येईल, पण कारण दाखविण्याची संधी त्याला आधी दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व राखलेले आहे. परंतु संधी मिळूनही सांगावयाचे काय, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती ती संधी कोरी राहते. “मी काही केले नाही” एवढेच तो म्हणतो, आणि ते कोणालाच पटत नाही. ‘कंट्रोल-ऑल्ट-एफ-३ वर कळा चालतात, साक्षीचा कीबोर्डही त्याच भोकात अडतो, रोजनिशीत अमुक वाजता तुटल्याची ओळ आहे,’ असे जो म्हणू शकतो, त्याचे म्हणणे ऐकावे लागते.

याच बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा उघडली. ज्यांना अक्षराची वाट बंद होती त्यांना ती मोकळी झाली. आज अक्षर सर्वांच्या बोटांखाली आले आहे, पण ते बोटापासून पडद्यापर्यंत कसे जाते ही विद्या अद्याप थोड्यांच्याच हाती आहे. ती कठीण म्हणून थोड्यांच्या हाती आहे, असे नव्हे. ती आपल्यासाठी नाही अशी समजूत आपण करून घेतली आहे. चार प्रश्न, एक साक्षीचा कीबोर्ड आणि एक वही, एवढ्या भांडवलावर ती सुरू होते. ज्यांच्या दुकानात, कचेरीत किंवा घरात संगणक आहे, त्यांनी कळा चालत असतानाच हे चार प्रश्न एकदा करून पाहावेत आणि उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. अडचणीच्या दिवशी ते पान उपयोगी पडेल.